हे पोर टिकेल का?

बी. ए. भाग दोन

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला पहिला मीच. त्यामुळे घरी कुठलाही कागद आला की तो फिरत फिरत माझ्यापाशी येतो. विजेचे बिल, पीकविम्याची पावती, सोसायटीची नोटीस, दवाखान्याची चिठ्ठी. गेल्या मे महिन्यात असाच एक कागद आला. माझ्या धाकट्या चुलतभावाची एका निवासी क्रीडाकेंद्रासाठी निवड झाली होती. खेळाच्या रकान्यात लिहिले होते, 'हॉकी'.

वाचून दाखवल्यावर घरात क्षणभर सगळे गप्प झाले. पोराने जन्मात हॉकीची काठी पाहिलेली नव्हती. काकांनी पाहिली होती, पण ती सिनेमात, आणि तीही मारामारीच्या प्रसंगात. निवड झाली होती पटांगणावर घेतलेल्या चाचण्यांवरून. उंची, वजन, उभ्याने लांब उडी, मेडिसिन बॉलची फेक, तीस मीटरची धाव, आठशे मीटरची धाव. आठशे मीटरमध्ये आमचा गडी इतरांच्या बराच पुढे होता, कारण शाळा सुटल्यावर तो वावरात बैलामागे आणि म्हशीमागेच असतो. चेंडू देऊन कोणी त्याला खेळवून पाहिले नव्हते. ते पुढे शिकवायचे असते म्हणे.

काकांचे तीन एकर कोरडवाहू, आणि मुलगा एकुलता एक. त्यांनी कागदाची घडी केली, पुन्हा उघडली आणि मला विचारले, "तू शिकेल हायेस. सांग, पोट्टं टिकन का तिथं?"

मला उत्तर देता आले नाही. मराठी वाङ्मय आणि राज्यशास्त्र शिकणाऱ्या मुलाला हॉकीतले काय कळणार? पण प्रश्न डोक्यातून जाईना. पुढचे काही महिने जे मिळेल ते वाचले, लोकांना विचारले, वाद घातले. त्या खटाटोपातून जे हाती लागले, तेच या लेखात मांडतो आहे.

वाद पहिल्यांदा रंगला तो मोताळ्याच्या बसस्थानकासमोर चहा पिताना. पहाटे बुलढाणा रस्त्यावर राजूर घाटाच्या दिशेने धावणारी भरतीची मुले तुम्ही पाहिली असतीलच. त्यांतले दोघे आमच्या वर्गात आहेत. त्यांतला एक म्हणाला, "निवड झाली म्हणजे काहीतरी असेलच पोरात. निवडणारे काय वेडे आहेत?" दुसरा म्हणाला, "माझी जिल्ह्याच्या संघात दोनदा निवड झाली होती. आता मी तुझ्यासोबत पोलीसभरतीला धावतोय." तिसरा एक गृहस्थ, जो आमच्या कोणाच्याच ओळखीचा नव्हता, मध्येच म्हणाला, "नशीब!" आणि बस पकडून निघून गेला. गेले काही महिने मी जे वाचले त्यात या तिघांचेही थोडे थोडे खरे निघाले. मात्र त्या गृहस्थांच्या शब्दात पुष्कळ काही दडलेले आहे, आणि ते उलगडून पाहता येते.

प्रथम 'निवड' म्हणजे काय ते पाहू. उत्तर अमेरिकेत बर्फावरच्या हॉकीचे मोठे व्यावसायिक मंडळ आहे. तेथे दरवर्षी अठरा वर्षांच्या आसपासची मुले संघांनी आळीपाळीने निवडायची पद्धत आहे. तिला ड्राफ्ट म्हणतात. ज्या संघाची कामगिरी वाईट, त्याला साधारणतः आधी निवडायची संधी. तज्ज्ञ माणसे वर्षानुवर्षे या मुलांचे सामने पाहत फिरतात, वह्या भरून टिपणे काढतात, आणि मग नाव घेतात. एवढे करून होते काय? १९९३ मध्ये सर्वांत पहिले नाव घेतले गेले ते अलेक्झांडर डेगल याचे, ओटावा संघाकडून. तो पुढे त्या क्रमांकाला साजेसा खेळाडू कधीच झाला नाही. आजही फसलेल्या निवडीचे उदाहरण म्हणून त्याचेच नाव घेतात. त्याच वर्षी दुसरा क्रमांक ज्याला मिळाला, तो ख्रिस प्रॉन्गर त्या खेळाच्या सन्मान-दालनात जाऊन बसला. आणि निकलास लिडस्ट्रॉम हा स्वीडनचा बचावपटू १९८९ मध्ये ५३ वा निवडला गेला होता. सर्वोत्तम बचावपटूचा किताब त्याने पुढे सात वेळा मिळवला. हेन्रिक झेटरबर्ग तर १९९९ मध्ये २१० वा होता! म्हणजे दोनशे नऊ मुले त्याच्यापेक्षा बरी आहेत असे शहाण्या माणसांनी ठरवले होते.

आपल्याकडील हॉकीत ड्राफ्ट नाही, लिलाव आहे. हॉकी इंडिया लीगचा लिलाव ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत झाला. तेव्हा खेळाडूंच्या पायाभूत किमती ठरलेल्या होत्या: दोन लाख, पाच लाख किंवा दहा लाख. भारताचा कर्णधार हरमनप्रीत सिंग ७८ लाखांना गेला, तो सर्वांत महाग. या लीगमधील एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या लिलावात पुरुषांच्या आठ संघांत प्रत्येकी चोवीस खेळाडू, त्यांत किमान सोळा भारतीय, आणि त्या भारतीयांत चार कनिष्ठ वयोगटातले असलेच पाहिजेत असे ठरलेले होते. आता गणित करा. आठ चोक बत्तीस. संबंध देशातील कनिष्ठ मुलांसाठी हमखास जागा बत्तीस. आमच्या पोराच्या निवडपत्रापासून त्या बत्तिसापर्यंतचे अंतर मोताळ्याहून मुंबई चालत जाण्याएवढे आहे.

आता पोराच्या वयाचा प्रश्न. ह्यावर मी अंमळ रेंगाळणार आहे, कारण मला जे सर्वांत आश्चर्यकारक वाटले ते इथेच सापडले.

कॅनडात रॉजर बार्न्सली नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. १९८० च्या दशकाच्या मध्यास त्यांना असे दिसले की तेथील कनिष्ठ हॉकी संघांत जानेवारी, फेब्रुवारी, मार्च या महिन्यांत जन्मलेली मुले फार, आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमधील अगदी थोडी. याचा ग्रहताऱ्यांशी संबंध नाही. तिथे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. दहा वर्षांखालच्या गटात जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. त्या वयात वर्षभराचे अंतर म्हणजे केवढे! तो उंच असतो, त्याची ताकद जास्त असते, म्हणून तो निवडला जातो. निवडला गेला म्हणून त्याला चांगला मार्गदर्शक मिळतो, जास्त सामने मिळतात. आणि पाच-सहा वर्षांनी तो खरोखरच सरस झालेला असतो. सगळे म्हणतात, बघा, आम्ही ओळखले होते! वास्तविक ओळखले होते ते त्याचे वय.

हे वाचताना मला एकदम आमच्या शाळेचा हजेरीपट आठवला. मित्रहो, आपल्या वर्गात हात वर करायला सांगा: कागदावर जन्मतारीख १ जून कोणाकोणाची आहे? माझी आहे. माझ्या वडिलांचीही आहे. जन्माची नोंद नसली की शाळेत नाव घालताना सहा वर्षे पुरी व्हावीत म्हणून गुरुजी १ जून टाकून मोकळे होत. त्यांत कोणाचा दुष्ट हेतू नसे. आमच्या आईबापांनाही त्याचे काही वाटले नाही, कारण वाढदिवस साजरा करायचाच नसतो, तर तारीख कोणती का असेना.

माझ्या चुलतभावाच्या दाखल्यावर १ जून २०१२ आहे. आजीला विचारले तर ती सांगते, "कापूस वेचत होतो, दिवाळी होऊन पंधरा दिस झाले असतीन." ती दिवाळी २०११ ची. म्हणजे पोरगा कागदापेक्षा साधारण सात महिन्यांनी मोठा. सात महिने म्हणजे काही फार नव्हे असे तुम्ही म्हणाल. पण शालेय स्पर्धांत वयोगट ३१ डिसेंबरला मोजतात. २०२५-२६ साठी चौदा वर्षांखालील गटात १ जानेवारी २०१२ किंवा त्यानंतर जन्मलेली मुले. कागदाप्रमाणे आमचा गडी त्या गटात बसतो. आजीप्रमाणे तो सतरा वर्षांखालच्या गटात जाऊन पडतो! आठशे मीटरमध्ये तो ज्यांच्या पुढे पळाला ती मुले त्याच्यापेक्षा लहान होती की काय, हा प्रश्न मला त्या दिवसापासून छळू लागला.

याशिवाय तेरा-चौदाचे वय मोठे फसवे. कोणाला बाराव्या वर्षीच मिसरूड फुटते, कोणाची उंची सोळाव्यापर्यंत रेंगाळते. लवकर वाढलेला मुलगा त्या दोन वर्षांत मैदानावर राजासारखा वावरतो; मग उरलेले सगळे त्याच्याएवढे होतात, आणि त्याच्याजवळ ताकदीशिवाय काही शिकून ठेवलेले नसेल तर तो एकाएकी साधारण दिसू लागतो. उलट जो चिमुकला असताना अंगचोरपणाने, चलाखीने खेळायला शिकला, तो उंच झाल्यावर दोन्ही गोष्टी घेऊन उभा राहतो. पण तोवर त्याला कोणी थांबू दिले तर! क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालील मुलांच्या मनगटाच्या हाडाचे क्ष-किरण छायाचित्र काढून वय अजमावते ते याच गोंधळामुळे. त्यातूनही वय अंदाजानेच कळते.

या संदर्भात एका माणसाची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पी. आर. श्रीजेश हा केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. तोही आमच्या पोरासारखाच लहानपणी निवासी क्रीडाशाळेत गेला, तिरुवनंतपुरमला. आधी तो धावत होता, लांब उडी मारत होता, व्हॉलीबॉल खेळत होता. बाराव्या वर्षी मार्गदर्शकांनी त्याला हॉकीच्या गोलात उभे केले. गोलरक्षकाचे साहित्य महाग. वडिलांनी गाय विकून ते घेऊन दिले असे वाचले, आणि ते मी काकांना मुद्दाम सांगितले नाही. २००६ मध्ये तो भारताच्या मुख्य संघात आला. म्हणजे 'टिकला' असे म्हणायला हरकत नाही ना? पण पुढची पाच वर्षे तो आत-बाहेर, आत-बाहेर. संघातील पक्की जागा त्याला २०११ नंतर मिळाली. टोकियो आणि पॅरिस या दोन ऑलिम्पिकची कांस्यपदके घेऊन तो २०२४ मध्ये निवृत्त झाला. २००९ साली कोणी बसस्थानकावर त्याच्याविषयी वाद घातला असता, तर माझ्या दुसऱ्या मित्राचेच मत विजयी झाले असते.

आणि २०११ मध्ये काय झाले? चीनमधील ओर्दोस येथे पहिल्या आशियाई चॅम्पियन्स करंडकाचा अंतिम सामना, भारताविरुद्ध पाकिस्तान. सामना पेनल्टी स्ट्रोकवर गेला. श्रीजेशने दोन अडवले, आणि विजयी स्ट्रोक मारला तो आपल्या मुंबईच्या युवराज वाल्मीकीने. युवराज तेव्हा एकवीस वर्षांचा. मरीन लाइन्सला जिथे तो राहत होता त्या घरात वीज नव्हती. ही गोष्ट वर्तमानपत्रांतून आली आणि सगळीकडे त्याचेच नाव झाले. त्या रात्री या दोघांतला कोण पुढे जाईल असे विचारले असते, तर महाराष्ट्रात तरी सर्वांनी युवराज म्हटले असते. तो २०१४ च्या विश्वचषकापर्यंत गेला, परदेशात क्लबसाठी खेळला. पण ऑलिम्पिक त्याला मिळाले नाही. ते मिळाले त्याच्या धाकट्या भावाला, देविंदरला, २०१६ साली रिओमध्ये. घर एकच, मार्गदर्शकही एकच: मर्झबान पटेल, ज्यांना २०१९ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. मग फरक कशाने पडला, हे कोणी छातीठोकपणे सांगू लागला तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही.

मार्गदर्शकाचे नाव निघाले म्हणून सांगतो. सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या संघात होती. शेतकऱ्याची मुलगी. त्याच तालुक्यातील अक्षता ढेकळे आणि ऋतुजा पिसाळ यासुद्धा भारताच्या संघापर्यंत पोचल्या. एका तालुक्यात तीन मुली! फलटणच्या पाण्यात काही विशेष आहे काय? तर तसे नसून तिथे कोणीतरी शाळेच्या मुलींना रोज हॉकी शिकवत होते. पंजाबात जालंधरजवळच्या संसारपूर या एकट्या गावाने चौदा ऑलिम्पिक खेळाडू दिले, त्याचेही कारण तेच: तिथे पोर चालू लागले की त्याच्या हातात काठी. आमच्या मोताळा तालुक्यात किती वैष्णवी पराटीत वाकून कापूस वेचत असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. गुण असणे आणि तो कोणाच्या तरी नजरेस पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नजरेस पडल्यावरही मैदान लागते. १९७६ मध्ये माँट्रियल ऑलिम्पिकला प्रथमच कृत्रिम हिरवळीवर हॉकी खेळली गेली आणि भारत सातवा आला. आपले खेळाडू एका वर्षात अडाणी झाले नव्हते. चेंडूचा वेग आणि उसळी बदलली होती, आणि ती सवय व्हायला लागणारी मैदाने आपल्याकडे नव्हती. आजही मातीवर शिकलेला मुलगा पहिल्यांदा त्या हिरवळीवर उतरतो तेव्हा त्याचे अर्धे शिक्षण वाया जाते. माझा चुलतभाऊ या बाबतीत सुदैवी म्हणायचा, कारण त्याचे मातीवरचे शिक्षण मुळी झालेलेच नाही!

आता पैशाकडे वळतो, कारण काकांच्या प्रश्नात 'टिकेल का' म्हणजे 'पोट भरेल का' हेही होते.

क्रिकेटच्या लिलावातील कोटींचे आकडे ऐकून आपल्याला वाटते, खेळ म्हणजे एकदा संघात गेला की आयुष्याची सोय. हॉकीत तसे नाही. प्रीमियर हॉकी लीग २००५ मध्ये सुरू झाली, २००८ मध्ये संपली. वर्ल्ड सिरीज हॉकी २०१२ मध्ये एकदाच झाली. हॉकी इंडिया लीग २०१३ मध्ये आली, पाच वर्षे चालली आणि २०१७ नंतर बंद पडली. ती पुन्हा सुरू झाली थेट २८ डिसेंबर २०२४ रोजी. जो मुलगा २०१७ मध्ये अठरा वर्षांचा होता तो यावेळी पंचविशीत पोचला होता. त्याची उमेदीची सात वर्षे लीगशिवाय गेली. त्याच्याविषयी जाणकारांनी केलेले भाकीत बरोबर असो की चूक, लीगच नसेल तर लीगमध्ये यशस्वी कसे होणार? शिवाय ती लीग चालते महिना-सव्वा महिना. उरलेले अकरा महिने खेळाडू जगतो तो नोकरीवर. रेल्वे, सैन्यदल, पोलीस, तेल कंपन्या, बँका यांचे संघ आहेत, आणि आपल्या राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी कोणत्या दर्जाच्या स्पर्धेत कोणता क्रमांक हवा हे ठरलेले असते. नुसती निवड झाल्याचे पत्र तिथे चालत नाही. काकांना मी हे सांगितले तेव्हा ते प्रथमच थोडे सावरून बसले. लीग हा शब्द त्यांना कळला नव्हता, नोकरी कळली.

विदर्भाचा माणूस या वाटेने कुठवर जाऊ शकतो याचे उदाहरण फार लांब नाही. यवतमाळचा आकाश चिकटे, सैन्यदलातून खेळणारा गोलरक्षक. २०१६ मध्ये तो भारतीय संघात आला. त्याच वर्षी आशियाई चॅम्पियन्स करंडक, पुढच्या वर्षी आशिया करंडक, या दोन्ही विजेत्या संघांत तो होता. डिसेंबर २०१७ मध्ये भुवनेश्वरला जागतिक हॉकी लीगच्या अंतिम फेरीत बेल्जियमसारख्या बलाढ्य संघाशी सामना बरोबरीत सुटला, आणि शूटआउटमध्ये आकाशने गोल असा राखला की भारत उपांत्य फेरीत गेला. यवतमाळचा पोरगा जगातील उत्तम गोलरक्षकांच्या रांगेत उभा! त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी सराव शिबिरात घेतलेल्या उत्तेजक चाचणीत त्याचा नमुना दोषी निघाला, आणि २०१८ मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. त्यावर निवाडा देणे हे माझे काम नाही. एवढे मात्र मनात आले की टिकण्याचा प्रश्न एकदा सुटला की सुटला, असे होत नाही. संघात आल्यावर तो दर महिन्याला नव्याने विचारला जातो. गावाकडून आलेल्या खेळाडूला कोणते औषध घ्यावे, कोणती पावडर घेऊ नये, हे सांगणारा माणूस जवळ असणे हेसुद्धा, मला वाटते, त्याच्या गुणांइतकेच महत्त्वाचे असते.

क्रिकेटचे उदाहरण दिल्याशिवाय आपल्याकडे कोणाचे समाधान होत नाही, म्हणून एक देतो. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागी केली, हे सर्वांना पाठ आहे. त्या वेळी पॅड बांधून आपली पाळी येण्याची वाट पाहत अमोल मुझुमदार बसला होता. ती पाळी आलीच नाही. पुढे कांबळीने कसोटीत ५४ हून अधिक सरासरी राखली, तरी त्याची शेवटची कसोटी वयाच्या तेविसाव्या वर्षी झाली. मुझुमदारने रणजी पदार्पणात २६० धावा काढून विश्वविक्रम केला, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा जमवल्या, आणि भारताकडून एकही सामना खेळला नाही. मग २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक होता तोच मुझुमदार. त्याला यशस्वी म्हणायचे की नाही? बसस्थानकावर यावर चहाचे तीन कप झाले आणि निकाल लागला नाही.

हॉकीतही अशी माणसे आहेत. खडकीचा धनराज पिल्ले चार ऑलिम्पिक खेळला, चार विश्वचषक खेळला. ऑलिम्पिकचे पदक एकही नाही. १९९८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने बत्तीस वर्षांनी आशियाई सुवर्णपदक जिंकले, आणि लगेच त्याला व आणखी काही ज्येष्ठांना संघातून वगळण्यात आले. तरीही हॉकी म्हटले की महाराष्ट्रात त्याचेच नाव ओठांवर येते. मुंबईचा विरेन रस्किन्हा अथेन्स ऑलिम्पिक खेळला, देशाचा कर्णधार झाला, आणि २००८ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी खेळ सोडून व्यवस्थापनशास्त्र शिकायला गेला. तो टिकला नाही असे कोण म्हणेल? त्याला जाण्यासाठी दुसरे दार उघडे होते, आणि ते शिक्षणाचे होते. आमच्या काकांना मी सर्वांत जास्त वेळ सांगितली ती ही गोष्ट. निवासी केंद्रात शाळा कशी आहे, मास्तर येतात की नाही, दहावीला मुले बसतात की नाही, हे आधी विचारा असे मी म्हणालो. आठशे मीटर किती मिनिटांत, हे कोणीही विचारते.

कागदावरच्या तारखेचेही मी काकांना सांगितले. सांगावे की नाही यावर चार दिवस घातले. सांगितले नाही तर पोराला वर्षभर जास्त मिळते, आणि पुढे केव्हातरी हाडाची तपासणी झाली तर सगळेच जाते. शिवाय त्याच्या जागी खरोखरच लहान असलेले एखादे पोर घरी बसले असेल. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कागद दुरुस्त होते का, इचारून ये." मी तहसीलमध्ये जाऊन आलो. अर्ज दिला आहे, आजीचे प्रतिज्ञापत्र जोडले आहे. हा लेख लिहीपर्यंत त्यावर निर्णय आलेला नाही. क्रीडाकेंद्रालाही कळवले; त्यांनी सांगितले, दुरुस्त दाखला आला की मुलाला वरच्या गटाच्या निकषांवर पुन्हा तपासू. तोपर्यंत राहू द्या.

जूनमध्ये तो गेला. एस. टी. ने मलकापूर आणि तिथून रेल्वे. काकू स्थानकावर आल्या नाहीत, त्यांनी घरूनच डबा दिला. दिवाळीला आला तेव्हा तळहातांना घट्टे पडलेले होते, आणि ते विळ्याच्या घट्ट्यांहून वेगळ्या जागी होते. पाठीत वाकून चालायची नवी सवय लागली होती. वावराच्या बांधावर त्याने आम्हाला चेंडू ढकलून दाखवला. ढेकळांवरून चेंडू वाटेल तिकडे जाई आणि तो चिडे, म्हणे इथे येतच नाही. केंद्रात त्याच्या तुकडीत बारा मुले आहेत आणि तो त्यांत सहावा की सातवा आहे, असे त्याने स्वतःच सांगितले. पहिला आलेला मुलगा त्याच्याहून वीतभर बुटका आहे म्हणाला.

काकांनी मला तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. ते पोराला विचारत होते, भाकरी मिळते का तिथे, की नुसती पोळी.